शेजारच्या सर्व्हिस स्टेशनचा त्रास: तक्रार कशी मांडायची, कशी मिटवायची

गाड्या धुण्याचं आणि दुरुस्तीचं सर्व्हिस स्टेशन घराला लागून असलं की सगळा त्रास एकच वाटायला लागतो. तो एक नसतो. कॉम्प्रेसरची घरघर वेगळी, गटारात जाणारं काळं पाणी वेगळं, रंगाचा उग्र वास वेगळा आणि फाटकासमोर आडव्या लावलेल्या गाड्या वेगळ्या. यातल्या प्रत्येकामागे वेगळं यंत्र किंवा वेगळी सवय असते, उपायही वेगळा असतो आणि दाद मागायचं खातंही वेगळं. "सदर सर्व्हिस स्टेशनमुळे रहिवाशांस अतोनात त्रास होत असून ते तात्काळ बंद करावे" असा पन्नास सह्यांचा अर्ज वर्षभर फिरत राहतो तो याच कारणाने. प्रत्येक खातं आपल्या वाट्याचा तुकडा बघतं आणि बाकीचा अर्ज पुढे ढकलतं.

म्हणून पहिलं काम तक्रारीचे तुकडे पाडायचं. हे केलं की दिसतं की बराचसा त्रास प्लंबर, गवंडी आणि फिटर यांच्या चार दिवसांच्या कामाने निवळण्यासारखा आहे. कायद्याची वाट आहे, ती पुढे दिली आहे, पण ती लांबची आहे. आणि शेजारी दोघांनाही तिथेच राहायचं आहे.

आधी चौदा दिवसांची वही

दोनशे पानी वही घ्या, रकाने आखा: तारीख, सुरू झाल्याची वेळ, बंद झाल्याची वेळ, नेमकं काय, कुठल्या खोलीत किंवा कुठल्या जागी जाणवलं, फोटो आहे का. दोन घरांनी स्वतंत्र नोंदी ठेवल्या तर उत्तम. चौदा दिवस यासाठी की त्यात दोन रविवार येतात, आणि धुलाईची खरी गर्दी रविवारी असते.

नोंद अशी हवी: "मंगळवार. सकाळी ७.१० ला कॉम्प्रेसर सुरू, ७.१४ ला बंद, ७.२० ला पुन्हा सुरू. गेटला कुलूप, आत कोणी नाही." या एका ओळीत दुखणं पकडलं गेलं. हवा कोणी वापरत नसताना कॉम्प्रेसर बंद पडल्यावर सहाच मिनिटांत पुन्हा सुरू होतो याचा अर्थ लाइनमध्ये गळती आहे. टाकीतला दाब गळून खाली आला की प्रेशर स्विच मोटर चालू करतो. हिशेबही सोपा आहे: चालण्याची मिनिटं भागिले चालण्याची अधिक थांबण्याची मिनिटं. इथे ४ भागिले १०, म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेतली ४० टक्के हवा नुसती सुटून जाते आहे. मोटर ५ एचपीची, म्हणजे ३.७ किलोवॉटची असेल तर दहा तासांत साधारण १५ युनिट वीज या गळतीपायी जाते. हे मालकासमोर मांडलं तर तो तुमचं ऐकतो, कारण बिल तोच भरतो. साबणाचं पाणी करून प्रत्येक जोडावर, क्विक कपलरवर आणि टाकीखालच्या ड्रेन कॉकवर ब्रशने लावायचं, फुगे येतील तिथे टेफ्लॉन टेप किंवा नवी ओ-रिंग. अर्ध्या दिवसाचं काम. आणि रात्री जाताना कॉम्प्रेसरचा मेन स्विच बंद करायचा, म्हणजे पहाटे तो आपोआप सुरू होणार नाही.

"सतत आवाज", "भयंकर वास" असं वहीत लिहू नका. सतत म्हणजे किती, हे मालक पहिल्याच भेटीत विचारेल आणि पुढे अधिकारीही विचारेल. फोटो आपल्या हद्दीतून किंवा रस्त्यावरून काढा. आत शिरून कामगारांचे व्हिडिओ काढले की बोलणं तिथेच फिसकटतं.

आवाज: नियम काय सांगतो आणि कुठे अडतं

ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. व्यापारी भागात ६५ आणि ५५. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवती १०० मीटरपर्यंतचं शांतता क्षेत्र असेल तर ५० आणि ४०.

यात दोन खाचा आहेत. पहिली, नियम ७ प्रमाणे तक्रार करायची तर आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त हवा, नाहीतर रात्रीच्या निर्बंधांचा भंग तरी झालेला हवा. म्हणजे निवासी भागात दिवसा ६५. दुसरी, घर हमरस्त्यावर असेल तर नुसत्या रहदारीचाच आवाज ६० ते ६५ भरतो, आणि अधिकारी मीटर घेऊन आला की सर्व्हिस स्टेशनचा आवाज त्यात बुडतो. म्हणून मोजताना नेहमी दोनदा मोजा, यंत्र चालू असताना आणि बंद झाल्याबरोबर. दोन्हींत ३ डेसिबलपेक्षा कमी फरक असेल तर त्या जागी तुमचा मुख्य त्रास ते यंत्र नाही, दुसरं काहीतरी आहे. फरक ८-१० असेल तर बोलायला जागा आहे. मोबाइलमधलं ॲप पुरावा म्हणून चालत नाही, पण चालू-बंद तुलनेसाठी पुरतं. खिडकीबाहेर साधारण एक मीटरवर हात लांब करून धरा, पंधरा मिनिटांची सरासरी घ्या, पंखा आणि टीव्ही बंद ठेवा.

आता उपाय. आवाज हवेतून येतो की भिंतीतून, हे आधी ठरवा, कारण एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. सगळ्या खिडक्या लावून घ्या. आवाज बराच कमी झाला तर तो हवेतून येतो. कमी झाला नाही, उलट पलंगाला किंवा भिंतीला तळहात टेकवला की बारीक थरथर जाणवते, तर कॉम्प्रेसर किंवा पंप सामाईक भिंतीला जोडलेला आहे. अशा वेळी पत्रे, पडदे, झाडं काही कामाची नाहीत. यंत्र भिंतीपासून सोडवून यंत्राच्या दीडदोनपट वजनाच्या काँक्रीट ओट्यावर घ्यायचं, ओटा आणि भिंत यांत ५० मिलिमीटर फट ठेवायची, यंत्राच्या पायांखाली त्याच्या वजनाला साजेसे रबर माउंट घालायचे. आणि हवेचा लोखंडी पाइप यंत्रापासून थेट भिंतीत नेलेला असतो, तो तोडून मध्ये अर्धा मीटर लवचिक होज टाकायची. ही शेवटची गोष्ट हमखास विसरली जाते. खाली रबर घातलं, पण पाइप कडकच राहिला तर थरथर पाइपातून भिंतीत जाते आणि लोक म्हणतात, रबर पॅडचा काही उपयोग नाही.

हवेतून येणाऱ्या आवाजासाठी आधी जागा बदला. अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबल उतरतो. तुमच्या खिडकीपासून ४ मीटरवरचा कॉम्प्रेसर प्लॉटच्या दुसऱ्या कोपऱ्यात १६ मीटरवर गेला तर हिशेबाने १२ डेसिबलचा फरक. जागा नसेल तर विटांची भिंत, खिडकीतून यंत्र दिसणार नाही इतकी उंच. यंत्र नजरेआड होईल एवढ्या भिंतीनेही ५ डेसिबल मिळतात. पत्र्याचा आडोसा करू नये, तो स्वतःच वाजतो, आणि खाली वीतभर फट राहिली तर होता नव्हता उपयोगही जातो. कॉम्प्रेसरला खोली बांधायची तर हवा आत यायला आणि बाहेर जायला वळणदार वाट हवी, आतून ५० मिलिमीटर रॉकवूल लावलेली. ती न ठेवता चारी बाजूंनी बंद केलं की मे महिन्यात मोटर तापून ट्रिप होते, मग कामगार दार उघडं ठेवतात आणि खोली बांधलेली वाया जाते.

जनरेटर असेल तर तो ध्वनिरोधक कव्हरचाच हवा: १००० केव्हीएपर्यंतच्या डिझेल सेटला १ मीटरवर ७५ डेसिबल ही मर्यादा आहे. हॉर्न तपासणं, ब्रेकनंतर गाडी रेझ करून बघणं, काम करताना स्पीकर लावणं हे यंत्राचे नाहीत, सवयीचे आवाज आहेत. त्यासाठी जागा आणि वेळ ठरवून घ्या, पैसा लागत नाही.

पाणी: सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या

आवाज बंद केला की थांबतो. पाण्याबरोबर गेलेलं तेल विहिरीत, बोअरमध्ये, ओढ्यात राहतं. शिवाय ही तक्रार सगळ्यांत सहज सिद्ध होते, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ ती गांभीर्याने घेतं.

आधी पाणी कुठे जातं ते शोधा. पावसाळी गटार आणि ड्रेनेज लाइन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पावसाळी गटार थेट ओढ्याला, नदीला मिळतं, त्यावर कुठलीही प्रक्रिया होत नाही. धुण्याचं पाणी तिथे सोडता येत नाही. ते तेलसापळ्यातून जाऊन पालिकेच्या परवानगीने ड्रेनेजला मिळायला हवं. पर्यावरण नियमांतली सर्वसाधारण मर्यादा तेल आणि ग्रीससाठी ओढ्या-नदीत सोडताना लिटरला १० मिलिग्रॅम, सार्वजनिक ड्रेनेजमध्ये २० मिलिग्रॅम अशी आहे. तरंगत्या गाळासाठी अनुक्रमे १०० आणि ६००.

पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला म्हणजे तेलच असं मात्र नाही. साचलेल्या पाण्यात लोहाचे जिवाणू वाढले तरी तसाच रंग दिसतो. काडीने तवंग फाडून बघा. काचेसारखे तुकडे होऊन ते तसेच वेगळे राहिले तर ते जिवाणू. काडी काढताच तवंग पुन्हा एकजीव झाला तर तेल. अर्ज करण्याआधी ही काडी जरूर फिरवा, अधिकाऱ्यासमोर तोंडघशी पडणं टळतं.

तेलसापळा, ज्याला मिस्त्री तीन चेंबरची टाकी म्हणतात, ती नीट बांधली तर चोख काम करते. मापाचा अंदाज असा. दिवसाला २० चारचाकी आणि ३० दुचाकी धुतल्या, चारचाकीला १५० आणि दुचाकीला ४० लिटर धरले तर ३,००० अधिक १,२००, म्हणजे ४,२०० लिटर. पण टाकीचं माप दिवसाच्या बेरजेवर ठरत नाही, गर्दीच्या तासावर ठरतं. मिनिटाला १५ लिटरचे दोन प्रेशर पंप एकदम चालले तर तासाला १,८०० लिटर. पाणी टाकीत तासभर तरी थांबायला हवं. २.४ मीटर लांब, ०.९ मीटर रुंद आणि १ मीटर पाण्याची खोली अशा टाकीत २,१६० लिटर मावतं, ते पुरतं.

पहिल्या चेंबरमध्ये माती-वाळू बसते, दुसऱ्यात तेल वर तरंगतं, तिसरा तपासणीचा. खरी गोम चेंबरच्या मधल्या पाइपात आहे. भिंतीला नुसतं भोक ठेवलं तर वरचं तेल सरळ पुढे वाहून जातं. तिथे टी, म्हणजे इंग्रजी T च्या आकाराचा पाइपजोड, आडवा करून बसवायचा, त्याचा खालचा पाय पाण्याखाली ५०-६० सेंटिमीटर सोडायचा, म्हणजे पुढे जाणारं पाणी मधल्या थरातलं जातं: वरचं तेलही नाही, तळाचा गाळही नाही. टीचं वरचं तोंड उघडं ठेवायचं, चोक झाला तर तिथून सळई घालता येते. बाहेर जाणारा पाइप आत येणाऱ्यापेक्षा ५ सेंटिमीटर खाली.

एवढं करूनही टाकी का फसते?

साबणामुळे फसते. फोम वॉशचा शाम्पू आणि इंजिन धुण्याचं डिग्रीजर तेलाचे बारीक थेंब करून पाण्यात मिसळून टाकतात, ते वर येतच नाहीत. दुसऱ्या चेंबरमध्ये तेल दिसत नसेल तर खूश होऊ नका, ते पुढे गेलं असण्याची शक्यता जास्त. चेसिसला डिझेल किंवा रॉकेल मारून धुणं पूर्ण बंद करायला लावा. इंजिनचं चिकट ऑइल आधी खरवडून, फडक्याने पुसून मग पाणी.

पावसामुळे फसते. धुण्याचा रॅम्प उघडा असेल आणि ५० चौरस मीटर फरशीवर तासात २० मिलिमीटर पाऊस पडला तर १,००० लिटर पावसाचं पाणी टाकीत घुसतं आणि साठलेलं तेल ढकलत बाहेर नेतं. जूनच्या पहिल्या पावसात ओढा काळा होतो तो असा. रॅम्पवर पत्रा घाला, छपराचं पन्हळ वेगळं काढून पावसाळी गटारात सोडा, फरशीच्या कडेने ७-८ सेंटिमीटरचा उंबरा करा.

आणि साफ न केल्यामुळे फसते. पहिल्या चेंबरमध्ये गाळ खोलीच्या तिसऱ्या भागापर्यंत आला की काढायचा, तेलाचा थर ५ सेंटिमीटर झाला की उपसायचा. झाकणं दोन माणसांना उचलता येतील अशीच हवीत. टाकीवर फरशी बसवून गुळगुळीत केली असेल तर ती टाकी कोणी साफ करत नाही, हे धरूनच चाला. उपसलेला तेलकट गाळ रस्त्याकडेला किंवा झाडांच्या आळ्यात टाकायचा नाही, तो घातक कचरा आहे.

धुण्याचे तुषार वाळत घातलेल्या कपड्यांवर येत असतील तर रॅम्पच्या त्या बाजूला जाड पीव्हीसी पडदा लावायचा, गाडीच्या टपापेक्षा मीटरभर उंच. पावसाळ्यात वारं नैऋत्येचं असतं, त्या वाऱ्याच्या पलीकडे तुमचं घर असेल तर पडदा आधी तिथे. उन्हाळ्यात पाण्यावरून तंटे वाढतात. टंचाईत पालिका पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी आणते, तेव्हा पाणी कुठलं, टँकरचं, बोअरचं की नळाचं, हे थेट विचारा.

जळकं ऑइल मोजा

दुचाकीतून साधारण एक लिटर, चारचाकीतून साडेतीन लिटर ऑइल निघतं. रोज १० दुचाकी आणि ४ चारचाकींचं ऑइल बदललं तर २४ लिटर, पंचवीस दिवसांत ६०० लिटर, म्हणजे २०० लिटरचे तीन बॅरल. तेवढं ऑइल महिन्याला कोणीतरी नेलं पाहिजे आणि त्याची पावती हवी. घातक कचरा नियम २०१६ प्रमाणे ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावं लागतं, साठवण ९० दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि नोंदवही ठेवावी लागते. पावत्या महिन्याला एकाच बॅरलच्या असतील तर उरलेले दोन कुठे गेले हा प्रश्न विचारायचा. उत्तर सहसा गटार, वीटभट्टी किंवा भंगारवाला यांतलं एक असतं.

बॅरल उघड्यावर मातीत ठेवलेले असतील तर खाली काँक्रीटची फरशी आणि भोवती एका बॅरलचं ऑइल मावेल एवढा बांध करून घ्या. वर छप्पर हवंच, नाहीतर पहिल्याच पावसात बांध पाण्याने भरतो. तेलकट फडकी झाकणाच्या लोखंडी डब्यात ठेवायची. ती, जुने फिल्टर आणि टायर जाळणं कुठल्याही परिस्थितीत खपवून घेऊ नका. फोटो, वेळ, आणि त्याच दिवशी तक्रार.

वास आणि रस्ता

डेंटिंग-पेंटिंग उघड्यावर होत असेल तर तो प्रश्न नाकाचा नाही, फुप्फुसाचा आहे. टू-के पीयू, म्हणजे दोन भाग मिसळून मारायच्या पॉलियुरेथेन रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा जडतो, असलेला बळावतो. इथे तडजोड वेळेची करू नका. फिल्टर आणि छतापेक्षा उंच धुराडं असलेला बंद बूथ, नाहीतर रंगकाम इथे नाही. प्रायमर घासण्याची धूळ ओल्या पॉलिश पेपरने किंवा सक्शन लावलेल्या सँडरने आवरते.

रस्त्यावर लावलेल्या गाड्यांसाठी सोपा नियम: आवारात जेवढ्या गाड्या मावतात तेवढ्याच टोकन. उरलेल्यांना वेळ देऊन बोलवायचं. सोसायटीच्या फाटकासमोर दोन्ही बाजूंना पिवळे पट्टे मारून घ्या, वाहतूक पोलिसांना एक पत्र द्या. फूटपाथवर जॅक लावून काम चालत असेल तर ते अतिक्रमण खात्याचं काम आहे.

कागद बघा, पण कुठला कशाचा ते समजून

मालक बहुधा भिंतीवरचं गुमास्ता दाखवतो. उद्यम नोंदणी आणि जीएसटीही दाखवतो. यातलं एकही त्या जागेवर सर्व्हिस स्टेशन चालवायची परवानगी नाही. तुम्हाला बघायचं ते असं: विकास आराखड्यात प्लॉट कुठल्या वापराचा आहे आणि मंजूर नकाशात तिथे काय दाखवलंय (नकाशात पार्किंग असलेल्या जागी रॅम्प उभा असतो), महापालिकेचा व्यवसाय परवाना, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र आणि घातक कचऱ्याची अधिकृत परवानगी. वाहन सर्व्हिसिंग, दुरुस्ती आणि रंगकाम हा व्यवसाय २०१६ च्या प्रदूषणानुसार केलेल्या वर्गीकरणात नारिंगी, म्हणजे मध्यम प्रदूषणाच्या गटात होता, म्हणजे जल कायदा १९७४ आणि वायू कायदा १९८१ खाली संमती लागते. संमतिपत्राची मुदत आणि त्यावरच्या अटी शब्दशः वाचा. आवाजाच्या मोजमापापेक्षा अटीचा भंग सिद्ध करणं कितीतरी सोपं असतं. ग्रामपंचायत हद्दीत असाल तर जमीन बिनशेती आहे का ते तहसील कार्यालयातून काढा.

प्रती मागायला माहिती अधिकार पुरतो: १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत, उत्तर ३० दिवसांत. "कारवाई का केली नाही" असं विचारू नका, त्याला माहिती म्हणत नाहीत. "अमुक पत्त्यावरील व्यवसायास दिलेल्या संमतिपत्राची आणि शेवटच्या पाहणी अहवालाची प्रत द्यावी" असं लिहा.

बैठक आणि लेखी

दोघं किंवा तिघं जा, सकाळी नाही आणि रविवारी तर नाहीच. मंगळवार-बुधवारची दुपारी तीनची वेळ चांगली, तेव्हा गर्दी नसते. पहिलं वाक्य: "भाऊ, बंद करा म्हणायला आलो नाही, तीन गोष्टी आहेत, त्यांवर काय करता येईल ते बघू." तीनच. अकरा मुद्द्यांची यादी ठेवली की तो सगळीच बाजूला सारतो. पाणी आणि कॉम्प्रेसर यांतलं जे जास्त असेल ते आधी, गाड्या शेवटी. आणि त्याला त्याच्या हद्दीतून तुमच्या घरात आणून आवाज ऐकवा. बऱ्याच मालकांना भिंतीपलीकडे काय ऐकू येतं याची खरोखर कल्पना नसते.

ठरलं ते साध्या कागदावर, आकड्यांसह लिहून दोघांनी सह्या करा. उदाहरणार्थ: "कॉम्प्रेसर आणि वॉशिंग सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ७.३० नंतर चालणार नाही. दसऱ्याच्या आदले दोन दिवस रात्री ९ पर्यंत मुभा. कॉम्प्रेसर ३० तारखेपर्यंत मागच्या कोपऱ्यात नव्या ओट्यावर हलवला जाईल. तीन चेंबरची टाकी ४५ दिवसांत पूर्ण होईल, बांधताना पाइप बुजवण्याआधी सोसायटीचा एक जण पाहील. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी झाकणं उघडून दाखवली जातील." दसऱ्याची मुभा आपणहून लिहा. खंडेनवमीला गावातली प्रत्येक गाडी धुवायला येते, तो त्याचा वर्षाचा धंदा आहे, आणि न जमणारी अट घातली की बाकीच्या अटीही मोडायला निमित्त मिळतं. "शक्यतो कमी आवाज करू" असली वाक्यं कागदावर येऊ देऊ नका.

तुम्ही स्वतः सर्व्हिस स्टेशन चालवत असाल तर गेटवर मोबाइल नंबरचा बोर्ड लावा आणि फोन उचला. टाकीच्या सफाईचा फोटो महिन्याला शेजारच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाका. संमतिपत्राची मुदत संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज करा, कारण मुदत संपलेल्या कागदावर तुमची बाजू कितीही खरी असली तरी कोणी ऐकत नाही.

बोलणं फिसकटलं तर

सगळीकडे एकदम अर्ज टाकू नका. एका वेळी एक मुद्दा, त्याचं नेमकं खातं, सोबत वहीची प्रत आणि फोटो, आणि आवक शिक्का मारलेली पोच. पाणी, ऑइल, रंग: प्रदूषण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय. जागेचा वापर, परवाना, ड्रेनेज: महापालिकेचं क्षेत्रीय कार्यालय. बेकायदा वापरावर नगररचना कायदा १९६६ च्या कलम ५३ खाली नोटीस निघू शकते. रात्री दहानंतरचा आवाज: ११२ आणि पोलीस ठाणे. सोसायटी असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव जोडा, मग तो कोणा एकाचा वैयक्तिक वाद राहत नाही.

पाण्याचा नमुना तुम्ही स्वतः प्रयोगशाळेत दिला तर त्याचा उपयोग मंडळाला हलवण्यापुरता आहे. जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे कोर्टात टिकतो तो मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर नोटीस देऊन घेतलेला नमुना. तरी देणार असाल तर तेलाच्या तपासणीसाठी काचेची बाटली वापरा, प्लास्टिकला तेल चिकटून आकडा कमी येतो. बाटली त्याच पाण्याने विसळू नका. पाहणी कधी मागायची, हेही सांगा: रविवारी किंवा संध्याकाळी पाच ते सात. मंगळवारी सकाळी अकराला आलेल्या अधिकाऱ्याला कोरडा रॅम्प दिसतो आणि अहवाल तसाच लिहिला जातो. भंग सिद्ध झाला तर मंडळ कलम ३३अ खाली काम बंद करण्याचे आणि वीज-पाणी तोडण्याचे आदेश देऊ शकतं.

त्यापुढे दोन वाटा. सार्वजनिक उपद्रव हटवण्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. १ जुलै २०२४ आधी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ होतं, जुने वकील अजून तसंच म्हणतात. दुसरी वाट राष्ट्रीय हरित लवाद, त्याचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. भरपाई मागायची नसेल तर अर्जाचं शुल्क १,००० रुपये. मुदत कारण घडल्यापासून सहा महिने, म्हणून पहिल्या पोचपावतीची तारीख जपून ठेवा. पार्किंग आणि स्पीकरच्या तक्रारी लवादाकडे नेऊ नका.

शेजारी सर्व्हिस स्टेशन नसून पेट्रोल पंप असेल तर हिशेब वेगळा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जानेवारी २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नवा पंप शाळा, दहा किंवा अधिक खाटांचं रुग्णालय आणि निवासी क्षेत्रापासून ५० मीटरवर हवा, आणि जादा सुरक्षा उपाय केले तरी ३० मीटरच्या आत नाहीच. अंतर टाकीचं भरण्याचं तोंड, व्हेंट पाइप आणि डिस्पेन्सर यांतल्या सगळ्यांत जवळच्या बिंदूपासून मोजतात, कंपाउंडपासून नाही. मालकाशी बोलून तिथे फारसं हलत नाही. तेल कंपनीचं विभागीय कार्यालय, ना-हरकत देणारे जिल्हाधिकारी आणि स्फोटक सुरक्षेचं केंद्रीय कार्यालय, ज्याचं मुख्यालय नागपुरात आहे, या तिघांना लिहा.

समझोता झाला असेल तर दोन तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. काम पूर्ण झाल्यावर पंधरा दिवसांनी त्याच खिडकीत, त्याच वेळी, त्याच मोबाइलने पुन्हा मोजा आणि आकडा मालकाला दाखवा, कमी झाला असेल तर आधी दाखवा. आणि दरवर्षी ३१ मे च्या आधी, पाऊस यायच्या आत, टाकीची तिन्ही झाकणं उघडून घ्या, गाळ काढून घ्या, टीचा पाय जागेवर आहे ना ते काठी घालून बघा. गाळ काढताना तो पाय मोडतो आणि वरून काहीच दिसत नाही.